अप्पांचे पाव्हणे

माझे सासरे कुजबुजले तरी शेजारच्या गल्लीत ऐकू जायचं. यात अतिशयोक्ती नाही. मी मुलगी पाहायला बीडजवळच्या पालीला गेलो होतो, तेव्हा चहापोहे झाल्यावर त्यांनी मला एकट्याला माडीवर नेलं, खांद्यावर हात ठेवला आणि अगदी खासगीत विचारलं, "पोरगी पसंत हाय का? न्हाई म्हणायचं असंल तर आत्ताच म्हणा. मी कुणाला सांगत न्हाई!" खाली बैठकीत बसलेले माझे वडील, स्वयंपाकघरातल्या बायका, रस्त्याने शेळ्या घेऊन चाललेले शेजारचे दगडूभाऊ, सगळे एकदम गप्प झाले आणि माझ्या उत्तराची वाट पाहू लागले. मी "हो" म्हणालो. ते अप्पांना ऐकू आलं नाही. "काय?" त्यांनी परत विचारलं. मी परत "हो" म्हणालो. तेव्हा रस्त्यावरून दगडूभाऊच ओरडले, "अप्पा, हो म्हनलेत पाव्हणे! सोडा आता त्यांला!"

त्यांचं नाव मन्मथ. गाव त्यांना अप्पा म्हणे. घर लिंगायत वाण्याचं, वडिलांचं किराणा दुकान. अप्पांचं मन मात्र तागडीत रमलं नाही. तरुणपणीच त्यांनी गावामागच्या बालाघाटाच्या उतारावर दगडाची खदान सुरू केली. पुढे खडी क्रशर टाकला. सुरुंगांनी त्यांचा डावा कान पार नेला आणि उजवा अर्धा. स्वतःचा आवाज स्वतःलाच नीट ऐकू येत नसल्याने तो वाढत वाढत तिथवर पोचला होता. रोज सकाळी कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढून ते खदानीवर जात. संध्याकाळी परत येत तेव्हा विभूती कुठे संपते आणि क्रशरचा फुफाटा कुठे सुरू होतो, हे सांगता येत नसे.

मी बीडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. 'शांतता राखा' या पाटीखाली माझी सगळी नोकरी झाली. अशा माणसाला असा सासरा मिळावा, याची माझ्या मित्रांना फार गंमत वाटे. अप्पांनाही वाटायची. ते मला कधी नावाने हाक मारत नसत, 'जावईबापू' म्हणत. आमच्याकडे जावयाचा मान मोठा, आणि अप्पांनी तो शेवटपर्यंत पाळला. मला चिखलात उतरवतानासुद्धा ते "जावईबापू, जरा खाली येता का?" असं आदबीने, साऱ्या शिवाराला ऐकू जाईल अशा आवाजात विचारत.

चिखलाची गोष्ट पुढे येईलच.

खदान खोल गेली, खालून पाण्याचे झरे फुटले, परवान्याची मुदतही संपली. क्रशर विकला गेला. पावसाळ्यात खड्डा भरला आणि डोंगराच्या कुशीत उभ्या कड्यांची एक हिरवट काळी विहीरच तयार झाली. अप्पा सवयीने रोज तिथे जाऊन बसत. घरच्यांना वाटलं, धंद्याची आठवण येत असेल. खरं कारण वेगळं होतं आणि ते मला माझ्या बायकोकडून, मंगलकडून कळलं.

माझ्या सासूबाई लग्न होऊन पालीला आल्या तेव्हा माडीवरून त्यांना डोंगराखालचा पाझर तलाव दिसायचा. दिवाळीनंतर त्या तलावात परदेशी पाखरं उतरत. बदकं, लांब पायांची, केशरी अंगाची, नाना तऱ्हेची. नव्या सुनेला गावात ओळखीचं कुणी नव्हतं. ती वाळवण घालता घालता त्यांच्याकडे बघत राही. मग खदान सुरू झाली, सुरुंग उडू लागले, तलावावर फुफाट्याची साय धरली आणि पाखरं यायची थांबली. सासूबाईंनी कधी तक्रार केली नाही. कितीतरी वर्षांनी आमच्या मुलीने तिच्या शाळेच्या पुस्तकातलं चित्र दाखवून विचारलं, "आजी, अशी पाखरं तू पाहिलीस? आता कुठं गेली?" त्या म्हणाल्या, "तुझ्या आज्याला इचार." मुलगी अप्पांकडे वळली. आणि मंगल सांगते की तिच्या उभ्या आयुष्यात पहिल्यांदा अप्पांच्या तोंडून आवाज निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी ते बसने बीडला माझ्या ग्रंथालयात आले. वाचनकक्षाच्या दारात उभं राहून म्हणाले, "जावईबापू! पाखराचं पुस्तक हाय का?" परीक्षेचे दिवस होते. सगळ्या माना वर झाल्या. मी त्यांना घाईने बाहेर झाडाखाली नेलं. तिथे ते म्हणाले, "मी धंदा केला, त्ये पाप न्हाई. रस्ते झाले, घरं झाली. पण पाव्हण्याच्या ताटात फुफाटा उडवला, त्ये पापच हाय. आपल्यात दासोह म्हणतेत. दारी आलेल्याला जेवू घालायचं, मंग तो कुणी का असंना. मला त्ये पाखरं परत आणायचेत. तलावात आता पानी ऱ्हात न्हाई, तर खदानीत आणायचे."

मी पुस्तक दिलं. ते त्यांनी काखेत मारलं आणि वाचलं नाही. पाहुण्यांचं स्वागत कसं करायचं हे पुस्तकातून शिकायची वाण्याच्या घरात गरज पडत नाही, असं त्यांचं मत होतं.

त्या वर्षी अप्पांनी खदानीचं जे केलं, ते कुठल्याही मंगल कार्यालयाला शोभलं असतं. पाण्यापर्यंत सिमेंटच्या पायऱ्या बांधल्या. काठाला अशोकाची झाडं ओळीने लावली. पत्र्याची सावली केली, तिला गुलाबी रंग दिला. प्रवेशाला कमान आणि कमानीवर 'सुस्वागतम्'. दिवाळी झाल्यावर रोज सकाळी ज्वारीची रास पायऱ्यांवर पसरून ते हात जोडून उभे राहत. कबुतरं आली. चिमण्या आल्या. दगडूभाऊंच्या कोंबड्या सहकुटुंब आल्या आणि हिवाळाभर मुक्कामाला राहिल्या. परदेशी पाखरू एकही उतरलं नाही. वरून थवे जात, अप्पा खालून ओरडत, "आरं इकडं! इकडं हाय!" आणि थवे जरा जास्तच वेगाने पुढे निघून जात.

"अप्पा, पत्रिका न्हाई छापली तुमी," दगडूभाऊ म्हणाले. "बिगर पत्रिकेचं कोन येतंय?"

"तुझ्या कोंबड्यायला कोनी दिलती पत्रिका? गप बे!"

माघ संपता संपता त्यांनी मला बोलावून घेतलं. कमानीखाली खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हणाले, "आता सांगा. काय कमी पडलं?"

मी पुस्तकातली पानं दाखवत सांगितलं की या पाखरांना कडे नकोत, पायऱ्या नकोत. त्यांना उतरता काठ लागतो, घोटाभर पाणी लागतं आणि चिखल. त्यांचं जेवण चिखलात असतं. काठाला उंच झाडंही नकोत, त्यांना लांबचं दिसावं लागतं, शिकारी कुठून येतो ते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शांतता.

अप्पांनी पुस्तकातल्या चित्रावर बोट ठेवलं. "म्हंजी," ते म्हणाले, "पाव्हण्याला चिखल वाढायचा?"

"हो."

"आन् वाढप्यानं बोलायचं न्हाई?"

"शक्यतो."

"लई अवघड सोयरे हायेत, जावईबापू."

पण त्यांनी कमान पाडली. हे मला त्यांचं मोठेपण वाटतं. स्वतःच्या हौसेने, स्वतःच्या पैशाने केलेलं सगळं त्यांनी हसत मोडलं. अशोकाची झाडं मुळांसकट काढून शाळेला दिली. पोकलेन लावून एका बाजूचा कडा फोडला आणि त्याचा लांब, मंद उतार केला. उन्हाळ्यात बिंदुसरा धरणातला गाळ काढायला शेतकऱ्यांची झुंबड असते, तिथे अप्पांच्याही टिपरांची रांग लागली. सगळे गाळ शेतात नेऊन टाकत होते, अप्पा खदानीत. माझा मेहुणा शिवराज बीडला सिमेंट-लोखंडाचं दुकान चालवतो. तो डोक्याला हात लावून म्हणाला, "दाजी, लोक सोनं म्हणून गाळ नेतेत, आन् आमचा बाप त्यो खड्ड्यात वततोय. तुमीच पुस्तक दिलं ना? आता तुमीच समजवा."

मी समजावू शकलो नाही, कारण त्याच वेळी मी गुडघाभर गाळात उभा राहून फावड्याने उतार सारखा करत होतो. "जावयाला कामाला लावत नसतेत," सासूबाई वरून म्हणाल्या. "कामाला कुटं लावलं? पुस्तकातलं बराबर हाय का बगायला बोलावलंय!" अप्पा म्हणाले.

शांततेचा प्रश्न मात्र खरोखर अवघड होता. तो सोडवला इब्राहिमभाईंनी. खदान चालू असताना इब्राहिमभाई लाल निशाण धरायचे. सुरुंग पेटवण्याआधी उंचावर उभं राहून निशाण वर केलं की गाडीवाला, गुराखी, मजूर, जो जिथे असेल तिथे थांबे. पालीतली माणसं पिढीभर त्या निशाणाला थांबत आली होती, ते अंगवळणी पडलं होतं. धंदा बंद झाल्यावर निशाण त्यांच्या घरात खुंटीला होतं. ते त्यांनी परत आणलं आणि खदानीच्या काठावर उभे राहिले. आता निशाण वर म्हणजे एवढंच की पाखरं हायेत, गप्प बसा. गाव बिनबोभाट शिकलं. गुरं राखणारे मोबाइलचं गाणं बंद करून जात. अप्पा तेवढे विसरत. ते मला काही सांगायला तोंड उघडत, समोर निशाण वर जाई, आणि अप्पा तसेच, उघड्या तोंडाने थांबत. "मालकावर निशाण उगारतो बे?" ते नंतर लांब जाऊन म्हणत. इब्राहिमभाई म्हणत, "निशाणाला मालक नसतो अप्पा. तुमीच सांगितलतं."

दसऱ्यानंतर आधी धोबी पक्षी आले, शेपूट वरखाली करत. मग चिखलात चोची खुपसणारे छोटे तुतवार. एका सकाळी थापट्या बदकांचा थवा उतरला. या बदकाची चोच पुढे रुंद, चपटी असते. अप्पांनी माझ्या दुर्बिणीतून पाहिलं आणि माझा दंड इतका दाबला की वळ उठला. निशाण वर होतं म्हणून ओरडता येत नव्हतं. शेवटी पार रस्त्यावर आल्यावर ते म्हणाले, "फावडं! आपलं फावडं घिवून आलंय त्ये! मजूर हाय जावईबापू, आपल्यातला हाय!" आणि सगळ्यात शेवटी चक्रवाकांची जोडी आली. केशरी अंगाची. ती आल्याबरोबर अप्पा घरी गेले आणि सासूबाईंना हाताला धरून घेऊन आले. दोघं काठावरच्या दगडावर बसली. सासूबाईंनी बराच वेळ पाहिलं, मग पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "हेच. हेच होते."

त्या दिवशी अप्पांना राहवलं नाही. ते उठून उभे राहिले, दोन्ही हात वर केले आणि "या! बसा!" म्हणून असे गरजले की डोंगर घुमला. सगळी पाखरं उडाली. आमचे चेहरे उतरले. पाखरांनी खदानीवर एक मोठं वळण घेतलं आणि पुन्हा हळूहळू उतरली. अप्पा खाली बसले. "पाव्हणे आल्यावर या म्हणावं लागतंय," ते म्हणाले, त्यांच्या मानाने हळू. तेव्हापासून ठरून गेलं. चक्रवाक आले की अप्पांनी एकदा 'या, बसा' म्हणायचं, तेवढ्यापुरतं इब्राहिमभाईंनी निशाण खाली करायचं, आणि मग होळीपर्यंत तोंडाला कुलूप.

असे दोनतीन हिवाळे गेले. मग रस्त्याच्या रुंदीकरणाचं काम आलं आणि एका कंत्राटदाराची गाडी दारात थांबली. खदानीच्या वरच्या अंगाला अजून चांगला दगड होता. त्याला जमीन विकत हवी होती. परवाना तो काढणार होता, क्रशर त्याचा. शिवराजला ते पटत होतं. शिवराज वाईट माणूस नव्हे. दोन मुलांची शिक्षणं काढायची होती, दुकानाचा जम बसायचा होता, आणि बापाच्या माघारी जमीन त्याच्याकडेच येणार होती. तो म्हणाला, "अप्पा, पाखरं काय, दुसरीकडं जातील."

"हेच मी तवा म्हनलतो," अप्पा म्हणाले.

त्यांनी कंत्राटदाराला नाही म्हटलं. पण रात्रीची झोप उडाली ती वेगळ्या विचाराने. मी आहे तोवर ठीक, पुढे काय? वाद घालून, शपथा घालून मुलाला बांधून ठेवणं त्यांना नको होतं. "पोराला शब्दात अडकवू नये," ते म्हणत, "शब्द गळ्याला लागतो."

त्या वर्षी अधिक महिना होता. आमच्याकडे या महिन्यात लेकीजावयाला बोलावून धोंड्याचं जेवण घालतात आणि जावयाला वाण देतात. पुरणाचे धोंडे, भजी, आमटी, सगळा बेत झाला. पाटावर मी, शेजारी शिवराज. सासूबाईंनी ओवाळलं. अप्पांनी तबक पुढे केलं. त्यात अनारसे होते, वर तेवता दिवा होता आणि दिव्याशेजारी घडी घातलेलं लाल निशाण.

"जावईबापू," अप्पा म्हणाले, "धोंड्याचं वाण म्हणून खदान तुमाला दिली."

मला वाटलं चेष्टा आहे. मी हसलो. कुणीच हसलं नाही. शिवराजचा घास हातात राहिला.

"अप्पा, मला कशाला? मला काय समजतं त्यातलं?" मी म्हणालो.

"न्हाई समजत म्हणूनच. जावयाला दिलेलं वाण सासरा परत मागत न्हाई, मेव्हणा बी मागत न्हाई. आन् शहाणा जावई वाण इकत न्हाई. गाव थुकतं." मग ते शिवराजकडे वळले. "तुझ्यावर राग न्हाई बाबा. तुला न्हाई म्हणायचं अवघड जाईल, लेकरं हायेत. ह्यायला सोपं हाय." आणि परत माझ्याकडे बघून, "आवाज मी जन्मभर पुरंल एवढा केला. आता तिथं गप्प बसणारा मालक पायजे. तुमच्याइतकं गप्प मी दुसरं कुणी बगितलं न्हाई."

शिवराज ताटावरून उठेल असं मला वाटलं. मंगल घाबरून माझ्याकडे बघत होती. तेव्हा सासूबाई पुढे झाल्या आणि इतकंच म्हणाल्या, "शिवराज, दाजीच्या ताटात धोंडा न्हाई. वाढ." शिवराजने हातातला घास खाली ठेवला. मग परातीतला एक धोंडा उचलून माझ्या ताटात ठेवला आणि त्यावर तूप वाढलं. जरा जास्तच. पुढे रीतसर बक्षीसपत्र झालं, पण माझ्या लेखी खदान त्या तुपाने माझी झाली.

शिवराज काही महिने माझ्याशी मोजकं बोलत होता. नंतर मला दुसऱ्याकडून कळलं की कंत्राटदार पुन्हा त्याच्या दुकानात आला, दाजीला समजवा म्हणाला, तेव्हा शिवराज त्याला म्हणाला होता, "वाण हाय त्ये. वाणाचं बोलत नसतेत. चहा घ्या."

अप्पा गेले ते मार्गशीर्षात. जेवून माडीवर उन्हात आडवे झाले, खदानीकडे तोंड करून, आणि उठले नाहीत. आमच्यात दहन नसतं, भूमीत बसवतात. जागा त्यांनीच सांगून ठेवली होती, उताराच्या वरच्या अंगाला. तिथली जमीन मुरूम आणि दगड. कुणीतरी म्हणालं, कॉम्प्रेसर आणा, ड्रिलने घंट्यात खड्डा होईल. शिवराज म्हणाला, "मशीन न्हाई. पाखरं हायेत खाली." त्याने शर्ट काढला आणि पहार हातात घेतली. आम्ही आळीपाळीने खणत होतो, तो, मी, दगडूभाऊ, गावातली मुलं. पहारीचा आवाज दबावा म्हणून दगडावर ओलं पोतं टाकत होतो. इब्राहिमभाईंना मी निशाण दिलं. ते काठावर उभे राहिले, निशाण वर धरून, डोळ्यांतलं पाणी न पुसता.

भजनी मंडळी टाळ घेऊन आली, निशाण दिसलं तशी टाळ काखेत धरून नुसत्या ओठांनी म्हणू लागली. जंगमस्वामींनी विभूती लावली, बेलपान वाहिलं. शेवटची मूठमाती देताना 'हर हर महादेव' म्हणतात, एरवी त्याने डोंगर दणाणतो. स्वामींनी निशाणाकडे पाहिलं आणि कुजबुजले. साऱ्या गावाने कुजबुजून साथ दिली. ज्या माणसाचा आवाज तीन गल्ल्या ओलांडून जाई, त्याला आम्ही कुजबुजत निरोप दिला. माझ्या शेजारी दगडूभाऊ हळूच म्हणाले, "अप्पाला ऐकू गेलं नसंल ह्ये." आणि मला हसू आलं, रडताना. शिवराजलाही आलं. खाली थापट्या बदकं चिखलात फावडी मारत होती. एकही उडालं नाही.

त्याला आता वर्ष होऊन गेलं. यंदा दिवाळीनंतर मी आणि इब्राहिमभाई काठावर बसलो होतो. दुपार कलली होती. दोन केशरी पाखरं डोंगरावरून आली, वळली आणि पाण्यावर, थापट्यांच्या थव्याशेजारी उतरली. मग इब्राहिमभाईंनी निशाण खाली केलं.

"जावईबापू," ते म्हणाले, "म्हणा की."

"मी?"

"मंग काय मी? वाण कुनाला दिलं?"

मी उभा राहिलो. दोन्ही हात वर केले. इतक्या मोठ्याने मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो. "या!" म्हणालो, "बसा!" आवाज मध्येच चिरकला. पाखरांनी मान वर करून पाहिलं आणि परत चिखलात चोची घातल्या.

खालच्या शेतातून दगडूभाऊ ओरडले, "ऐकू न्हाई आलं! परत म्हणा!"

मी परत म्हणालो. या वेळी पाखरं उडाली, सगळी. खदानीवर एक मोठं वळण घेतलं त्यांनी, अप्पांना बसवलं त्या उतारावरून, आणि मग सावकाश, एकेक करून, खाली येऊन बसली.